न येणाऱ्या भाषेची लाज

"मला जर्मन येत नाही" हे वाक्य आपल्याकडे कोणीही सहज बोलून मोकळं होतं. "मला इंग्रजी येत नाही" हे मात्र माणूस आवाज खाली आणून बोलतो, नाहीतर "समजतं सगळं, बोलायला जमत नाही" असं म्हणून वेळ मारून नेतो. मी दोन्ही भाषा शिकले. इंग्रजी वाईच्या मराठी शाळेत, पाचवीपासून. जर्मन पुण्यात, अकरावीपासून. आज यंत्रांच्या देखभालीच्या पुस्तिका, माहितीपत्रकं, करारांचे मसुदे जर्मनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जर्मनमध्ये करणं यावर माझं पोट चालतं, म्हणजे दोन्ही भाषा दिवसभर हाताखाली असतात. इतक्या वर्षांनी माझं एक मत पक्कं झालंय. हायस्कूलात इंग्रजी अडते ती लाजेपायी. व्याकरण, स्पेलिंग, शिक्षकांची तयारी हे सगळं नंतरचं. जी भाषा न येण्याची लाज वाटते, ती तोंडातून बाहेर पडत नाही आणि तोंडातून बाहेर न पडलेली भाषा अंगवळणी पडत नाही.

आमच्या वेळी, म्हणजे १९८९ च्या जूनमध्ये, इंग्रजी पाचवीत सुरू झालं. चाररेघी वही, त्यात आधी पहिली लिपी, मग दुसरी, मग कर्सिव्हचे ते वळणदार हात धरून चाललेले शब्द. आठवीपर्यंत काळ, शब्दांच्या जाती, अनियमित क्रियापदांची तीन-तीन रूपं पाठ. गो-वेंट-गॉन आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो. नववी-दहावीत आलं 'डू ॲज डायरेक्टेड'. मराठी शाळेतून दहावी झालेल्या माझ्या वयाच्या कोणालाही हे तीन शब्द ऐकवा, चेहरा उजळतो. रिमूव्ह टू. बिगिन विथ नो सूनर. चेंज द व्हॉइस. यूज नॉट ओन्ली बट ऑल्सो. बाई फळ्यावर एक साधं वाक्य लिहायच्या, घंटा झाली आणि मुलं बाहेर धावली असलं काहीतरी, आणि आम्ही ते पाच तऱ्हांनी फिरवून दाखवायचो. नो सूनर आलं की पाठोपाठ हॅड किंवा डिड, पुढे दॅन, आणि दॅनच्या जागी कुणी व्हेन लिहिलं तर अर्धा मार्क गेला. हे कसब खरंच आमच्या हातात होतं. माझी मैत्रीण तर कुठलंही वाक्य ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करताना पेन उचलत नसे.

घंटा किती वाजता होणार, हे मात्र आमच्यापैकी एकीलाही इंग्रजीत विचारता आलं नसतं.

यात बाईंचा दोष मी काढणार नाही. त्या ज्या परंपरेत शिकल्या त्याच परंपरेत शिकवत होत्या. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, इंग्रजी घ्यायचं, त्याचं मराठी करायचं. तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी असंच इंग्रजी शिकलं आणि त्यांतले कितीतरी लोक उत्तम इंग्रजी वाचायचे, लिहायचे. व्याकरण मराठीतून समजावून सांगणं ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे. आज जी मुलं पहिलीपासून इंग्रजीतून इंग्रजी शिकतात त्यांना कर्म कशाला म्हणतात हे विचारून बघा. बाईंनी मला कर्ता, कर्म, क्रियापद इतकं स्वच्छ शिकवलं की पुढे त्यावर दुसरी भाषा उभी राहिली. ती गोष्ट पुढे येईलच.

अडचण होती ती मोठ्याने वाचायच्या तासाला. एकेकाने उठायचं, परिच्छेद वाचायचा. 'नॉलेज'मधला के कुणीतरी उच्चारायचं आणि वर्ग हसायचा. संस्कृतच्या तासाला विसर्ग चुकला तर कोणी हसत नसे, भूगोलात नदीचं नाव चुकलं तर नाही, हसू इंग्रजीलाच. कारण त्या चुकीतून आपण कोण आहोत ते उघडं पडतं असं सगळ्यांना वाटायचं. गावात डॉक्टरांची, बँकेतल्या साहेबांची मुलं इंग्रजी शाळेत जात. ती 'फाडफाड' बोलतात, हे आमच्या घरांतून कौतुकाने आणि थोडं घाबरून बोललं जाई. वाचून झाल्यावर खाली बसताना कान गरम झालेले असत, हे मला अजून स्पष्ट आठवतं. दोनचारदा असं झालं की मूल शहाणं होतं आणि मान खाली घालायला शिकतं. त्यानंतर कितीही 'नो सूनर' करा.

ही लाज कुठल्या इयत्तेपासून शिकवायचं या प्रश्नाशी जोडलेली नाही, एवढं महाराष्ट्राच्या अनुभवावरून सांगता येतं. माझ्या वडिलांच्या पिढीला जुन्या मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होतं. मग ते पाचवीवर आलं. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून झालं. हेतू चांगला होता, खेड्यातलं मूल मागे पडू नये म्हणून धडपड होती आणि त्या निर्णयाचं मी तेव्हाही स्वागत केलं होतं. पण पहिलीपासून शिकलेली ती मुलं आता नोकरीला लागली आहेत, आमच्याच कचेरीत येतात, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाशी फोन जोडला की त्यांच्यातल्या मराठी शाळेतल्या मुलांची मान तशीच खाली जाते. सुरुवात लवकर झाली, लाजही लवकर सुरू झाली.

आणि बोलण्याला शाळेच्या हिशेबात किंमत तरी काय? आमच्या वेळी शून्य होती. पुढे भाषांना ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी, अंतर्गत परीक्षा आली. कागदावर फार चांगली गोष्ट. प्रत्यक्षात ते वीस गुण बहुतेक ठिकाणी सरसकट वाटले जायचे. २०१९ च्या दहावीला ते काढून टाकले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी गुण परत आले. त्या सगळ्या वादात चर्चा होती ती टक्क्यांची आणि अकरावीच्या प्रवेशाची. मुलं बोलतात का, त्यांचं बोलणं कोणी बसून ऐकतं का, हा प्रश्न कुणाच्या ओठांवर आला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

आठवीत संस्कृत आलं. काहींनी पूर्ण घेतलं, काहींनी हिंदीबरोबर संयुक्त. वाईसारख्या गावात संस्कृतचं वातावरण होतं. प्राज्ञपाठशाळा होती, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं विश्वकोशाचं काम गावातच चालायचं. रामः रामौ रामाः, नदी नद्यौ नद्यः असं घोकत आम्ही कृष्णेच्या घाटावरून घरी जायचो. मला ते चालवणं मनापासून आवडायचं. शब्दाचं शेपूट बदललं की वाक्यातलं त्याचं काम बदलतं, ही गोष्ट मला संस्कृताने अशी काही दाखवली की पुन्हा कधी विसरले नाही. तरीही हे सांगायलाच हवं की आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी संस्कृतकडे पाहिलंही नाही. ते आपलं नाही, असं घरूनच ठरून आलेलं होतं. त्यांच्या आज्या-पणज्यांना त्या भाषेच्या जवळही फिरकू दिलं नव्हतं, आणि हे ओझं रामः रामौ रामाः म्हणून उतरत नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ सालच्या आपल्या कवितांत इंग्रजीला माउली म्हटलं ते याच दुखण्यामुळे. म्हणून कोणी इंग्रजी नकोच म्हणून लिहू लागलं की मी वाचायचं थांबवते. इंग्रजी हवी. ज्यांना दुसरी दारं बंद होती त्यांना तर हवीच हवी. मला फक्त ती शिकताना वाटणारी लाज नको आहे.

अकरावीला पुण्यात आले. शास्त्र शाखा. दुसरी भाषा निवडायची होती आणि वर्गातल्या निम्म्या मुलामुलींप्रमाणे मीही जर्मन घेतलं, कारण मार्क पडतात. पुण्यात अकरावी-बारावीच्या जर्मन-फ्रेंचचं खरं कारण अजूनही तेच असतं आणि त्यात वाईट काही नाही. माणूस मार्कांसाठी आत शिरतो आणि कधीकधी आतच राहतो.

वर्गात पुण्यातल्या नावाजलेल्या इंग्रजी शाळांमधली मुलं पुढच्या बाकांवर. आम्ही सातारा, बारामती, नगरकडून आलेले मागे. फिजिक्सचा तास इंग्रजीत चाले, शंका विचारायची तर इंग्रजीत विचारावी लागे, म्हणून आम्ही विचारत नसू. जर्मनच्या मॅडमही इंग्रजीतूनच शिकवत. एके दिवशी त्यांनी विचारलं, मला थंडी वाजते हे जर्मनमध्ये कसं म्हणाल? पुढच्या बाकांवरून लगेच उत्तर आलं: इश बिन काल्ट. मी आहे, गार आहे, इंग्रजीच्या चालीवर. मॅडमनी मान हलवली. असं म्हटलं तर आपण भावनाशून्य आहोत असा अर्थ निघेल, म्हणाल्या, आणि फळ्यावर लिहिलं: मिअर इस्ट काल्ट. मिअर म्हणजे मला.

मागच्या बाकावर आम्ही एकमेकींकडे बघितलं. मला. थंडी माझ्यावर येते, मी थंडीची कर्ती नाही. आम्ही जन्मल्यापासून हेच तर बोलत होतो. मला थंडी वाजते, मला कंटाळा आला, मला ते आवडतं. मॅडमनी पुढचं वाक्य विचारलं, हे पुस्तक मला आवडतं. वर्ग गप्प. बारामतीची मुलगी उठली आणि तिने पुस्तकाला कर्ता करून, मिअर शेवटी ठेवून वाक्य सांगितलं: दास बूख गफेल्ट मिअर. मॅडमनी विचारलं, कसं सुचलं? ती म्हणाली, मॅडम, मह्यं रोचते. रुच् धातूला चतुर्थी. आठवीला शिकलेलं पाणिनीचं सूत्र तिने तिथे, जर्मनच्या तासाला, खणखणीत म्हणून दाखवलं: रुच्यर्थानां प्रीयमाणः. मॅडमना संस्कृत येत होतं की नाही मला ठाऊक नाही, पण त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायला लावली. संस्कृत, मराठी, जर्मन. पुढच्या बाकांवरची मुलं ती उतरवून घेत होती.

त्यानंतर त्या वर्गाची हवा बदलली. जर्मनला तीन लिंगं आहेत, डेर, डी, दास. इंग्रजीतून आलेल्या मुलांना दगडाला, खुर्चीला, टेबलाला लिंग असतं हेच पटत नव्हतं. आमच्या घरात टेबल 'ते', खुर्ची 'ती' आणि दगड 'तो' होताच. लिंगं जुळतात असं नाही, पाठ करावीच लागतात, पण पाठ करण्यात काही विचित्र आहे असं आम्हाला वाटलं नाही. चार विभक्ती बघून पुढचे बाक हबकले. आठ चालवलेल्यांना त्या निम्म्याच वाटल्या. जर्मनमधला झेड 'त्स' होतो, तो काहींना महिनाभर जमला नाही. मॅडम म्हणाल्या, मराठीत 'चमचा' म्हणा, त्यातला च. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आमचं रोजचंच.

आकड्यांचीही तीच गोष्ट. जर्मन माणूस एकवीसला आइन-उंड-त्स्वान्त्सिग म्हणतो, आधी एक, मग वीस, अगदी आपल्या एकवीस, बावीसच्या क्रमाने. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' म्हणायला सुचवलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. मला तेव्हा गंमत वाटली होती, कारण जर्मनीतही अगदी हीच मागणी करणारी एक संस्था कितीतरी आधीपासून आहे. तिथल्या मुलांचेही आकडे उलटसुलट लिहून होतात म्हणून.

पण व्याकरण जुळलं हा यातला लहान भाग. मोठा भाग असा, की त्या तासाला कोणालाच आधीपासून जर्मन येत नव्हतं. पुण्यातल्या सगळ्यात महागड्या शाळेतून आलेल्या मुलाचा आणि माझा आरंभ एकच होता. चूक झाली तर ती चूकच असे, तिच्यावरून कोणाचं घर, गाव, शाळा कळत नसे. आम्ही बोलू लागलो. अशुद्ध, तुटक, चुकत, पण मोठ्याने. पुढे मी संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे बँकेतून सुटून आलेले काका होते, कारखान्यात पाळी करणारे मुलगे होते, संशोधक होते, लग्न ठरून म्युनिकला जायच्या तयारीतल्या मुली होत्या. पन्नाशीचे काका आपल्या मुलीच्या वयाच्या बाईंपुढे उभं राहून "माझ्याकडे एक कुत्रा आहे" असं जर्मनमध्ये सांगत आणि एकवचन-अनेकवचनात अडखळत, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. शेजारच्या खोलीत जपानी चाले, पलीकडे फ्रेंच. त्या इमारतीत संध्याकाळी सहा ते आठ पुण्यातले लोक न लाजता चुकत असत. शिकण्याला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही.

आणि मग माझी इंग्रजी सुटली. हे कसं झालं ते नीट सांगते, कारण या लेखात मला सांगायचं आहे ते हेच. एका पाहुण्या जर्मन वक्त्याला पुणं दाखवायचं काम आम्हा विद्यार्थ्यांकडे आलं. आमचं जर्मन अजून कोवळं, म्हणून मध्येमध्ये इंग्रजी. त्या गृहस्थांचं इंग्रजी शाळेत शिकलेलं, माझ्यासारखंच. 'द'चा 'झ' व्हायचा, काळ चुकायचे, शब्द अडला की हातवारे करायचे आणि पुढे जायचे. त्यांना इंग्रजी म्हणजे दुसऱ्या माणसापर्यंत पोचायचं साधन वाटत होतं, त्यापलीकडे काही नाही. चूक झाल्यावर त्यांचे कान गरम होत नव्हते. शनिवारवाडा ते डेक्कन एवढ्या चालण्यात मी जेवढं इंग्रजी बोलले तेवढं पाचवी ते दहावी मिळून बोलले नव्हते. आणि बोलताना लक्षात येत गेलं की सगळं आत होतंच. बाईंनी घालून दिलेलं सगळं, क्रियापदांची तिन्ही रूपं, कर्ता-कर्म, अगदी नो सूनरसुद्धा. फक्त त्याच्यावर कुलूप होतं.

पुण्यात जर्मन आलं तेच मुळी संस्कृतच्या बोटाला धरून. फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन पंडित १८६६ ते १८८१ डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी काढलेली आवृत्ती इथल्या शास्त्र्यांच्या सहवासात तयार झाली. त्यांच्या जागी पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले, आणि भांडारकरांना डॉक्टरेट दिली ती जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाने, १८८५ साली. लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात जर्मन आणि फ्रेंच शिकले, पुस्तकांवरून, बोलायला समोर कोणी नसताना, केवळ त्या भाषांतले ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून. ज्यांच्या नावाचं भवन आपल्याकडच्या प्रत्येक जर्मन शिकणाऱ्याला माहीत असतं, त्या मॅक्स म्युलरांनी सगळं आयुष्य ऋग्वेदाला दिलं आणि ते कधी भारतात आलेही नाहीत.

म्हणूनच २०१४ च्या नोव्हेंबरात जे झालं ते मला फार लागलं. केंद्रीय विद्यालयांमध्ये २०११ पासून सहावी ते आठवीच्या मुलांना तिसरी भाषा म्हणून जर्मन घेता येत होतं. सुमारे ७० हजार मुलं ते शिकत होती. शैक्षणिक वर्ष मध्यावर आलेलं असताना ठरलं की जर्मनऐवजी संस्कृत. संस्कृत शिकवावं, जरूर शिकवावं, मी तर त्याच्या जिवावर इथपर्यंत आले. पण त्या दोघींना एकमेकींसमोर उभं करणं म्हणजे बारामतीच्या त्या मुलीने फळ्यावर लिहिलेल्या तीन ओळींतली एक पुसायला लावणं होतं. शिवाय जी मुलं आनंदाने काही बोलायला शिकली होती त्यांना अर्ध्या वाटेवर गप्प बसवलं, हे वेगळंच.

गोव्यात गेलं की मला हाच विषय दुसऱ्या बाजूने दिसतो. तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज ही कचेरीची, कोर्टाची, पणजीच्या लिसेवची, म्हणजे पोर्तुगीज हायस्कूलची भाषा. ती ज्याला यायची तो वरचा आणि न यायची तो बाकीचा. माझ्या सासरच्या नात्यातल्या एक आजी सांगत, पोर्तुगीज बोलणारे आले की त्या माजघरात जाऊन बसायच्या. त्यांच्या पणतीने हायस्कूलात तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज घेतलं आहे, वर्गात फ्रेंच घेणाऱ्यांशी भांडून. पोर्तुगीज पासपोर्टाचा विचार काही घरांत असतो, तिच्या घरीही असेल. पण ती मुलगी जेवताना पोर्तुगीजमध्ये भात मागते, चुकते, पुन्हा मागते. भाषा तीच, घर तेच. फक्त त्या भाषेच्या हातातली छडी मधल्या साठ वर्षांत गळून पडली आहे.

गेल्या वर्षी तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्र ढवळून निघाला. पहिलीपासून हिंदीचे शासननिर्णय निघाले आणि २०२५ च्या जूनअखेर रद्द झाले. पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये या बाजूची मी होते आणि आहे. पण कोणती भाषा आणि कितवीपासून एवढ्यावरच आपण दरवेळी थांबतो. नव्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक पातळीवर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा भाषांची नावं आहेत. फार छान. आठवीच्या मुलाला यातली एखादी मिळाली तर त्याचं भलंच होईल, नोकरीसाठी तर होईलच, त्याहून जास्त इंग्रजीसाठी होईल, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण त्या तासालाही जर पहिल्या दिवसापासून अपेक्षित प्रश्नसंच आणि रिकाम्या जागा आल्या, तर आपण आणखी एक भाषा मुकी करून ठेवू.

मी आता शनिवारी वाईला जाते. ज्या शाळेत शिकले तिथे नव्हे, दुसऱ्याच एका मराठी शाळेत. आठवी-नववीची मुलं, शाळा सुटल्यावर, जर्मनचा वर्ग. परीक्षा नाही, मार्क नाहीत, वही हवी तर आणा. शेतकऱ्यांची, गवंड्यांची, एसटीतल्या वाहकांची मुलं आहेत, एक पाचगणीच्या हॉटेलात काम करणाऱ्या बाईंची मुलगी आहे. पहिल्या तासाला मी मिअर इस्ट काल्टच घेते आणि मराठीशी जोडून दाखवते, आणि दरवेळी कोणीतरी म्हणतंच, बाई, हे तर आपल्यासारखंच आहे. तिथून पुढे ती मुलं थांबत नाहीत.

दिवाळीनंतर एकाने विचारलं, इंग्रजीचा तास असा घेता येणार नाही का? मी शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंशी बोलले. त्या आधी कचरल्या, पोर्शन मागे पडेल म्हणाल्या, आणि ती भीती खरी आहे, त्यांच्यावर निकालाचा भार असतो. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, शुक्रवारचा शेवटचा तास. बाई स्वतःही त्या तासाला फक्त इंग्रजीत बोलतात आणि अडल्या की मुलांना विचारतात. नियम एकच: हसायचं असेल तर ज्याची चूक झाली त्याने आधी हसायचं. पहिला विषय मुलांनी निवडला तो वाई आगारातलं एसटीचं वेळापत्रक. महाबळेश्वरची गाडी कधी, लागते का, लागली नाही तर पुढची कोणती, सुट्टे आहेत का. वाहकाच्या मुलाने वडिलांची तिकिटांची जुनी पेटी आणली आणि अख्खा तास प्रवाशांशी इंग्रजीत हुज्जत घातली. पुढच्या शुक्रवारसाठी आता दोन तट पडले आहेत, एकीकडे क्रिकेटचं समालोचन, दुसरीकडे भाजीमंडई. बाई मंडईच्या बाजूने आहेत.